डोंगर ठेवू का काढू?

जूनच्या सुरुवातीला एका मुलाचा मेसेज आला. राहायला पनवेलजवळच्या करंजाड्याला, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. गेमच्या लेव्हलसाठी जमीन कशी घडवायची, म्हणजे टेरेन, यावर मी आमच्या गटातल्या पोरांसाठी मराठीत धडे लिहिते. त्यातला खऱ्या भूभागाची उंची इंजिनमध्ये, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणायचा धडा त्याने घेतला आणि नमुना म्हणून घराजवळचाच तुकडा उचलला. सोबत स्क्रीनशॉट होता. अजून रंग न चढवलेली राखाडी जमीन, एका बाजूला खाडीचा सपाट पट्टा आणि मधोमध एक ऐसपैस डोंगर. खाली एवढंच: "ताई, इथे आता विमानतळ आहे. डोंगर ठेवू का काढू?"

उलव्याचा डोंगर. आम्र मार्गावरून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने तो उतरताना पाहिलाय. आधी झाडोरा गेला, मग माथा. सुरुंगांचे दणके, डंपरच्या रांगा, गाडीच्या काचेवर बसणारी पांढुरकी धूळ, असं वर्षानुवर्षं चाललं. निघालेला दगड तिथेच भरावाला गेला, उलवे नदीला नवं पात्र काढून दिलं, आणि गावं उठून करंजाडे-वडघरच्या प्लॉटांवर आली. ऑक्टोबर 2025 मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. मला त्याचं दुःख वगैरे आहे असं नाही. खारघरहून सहारला विमान पकडायला जायचं म्हणजे अर्धा दिवस हातातून जायचा, तो आता वाचतो. पण राखाडी स्क्रीनशॉटमध्ये तो डोंगर बघितला आणि पोटात काहीतरी हललं हेही खरं.

फाइलमध्ये तो उभा आहे कारण फाइल जुनी आहे. फुकटात मिळणारी आणि आपल्यासारखे सगळे वापरतात ती उंचीची माहिती फेब्रुवारी 2000 मधली. नासाच्या एंडेव्हर यानाने अकरा दिवसांत रडारने जवळजवळ सगळी वस्तीची पृथ्वी मोजली, साधारण दर तीस मीटरला एक आकडा. त्या अकरा दिवसांत जे उभं होतं ते त्या फायलीत कायमचं उभं राहिलं. मेसेज करणारा मुलगा तेव्हा जन्मालाही आला नव्हता.

माहिती स्वच्छ कशी करायची यावर माझ्या धड्यात एक मोठा भाग आहे. रडारला जमीन आणि जमिनीवरचं काही यातला फरक नीट कळत नाही, त्यामुळे दाट खारफुटीचे शेंडे, इमारतींचे पुंजके, सगळं उंचवटा म्हणून नोंदलं जातं. खाडीकाठी तर हमखास. ते इंजिनातल्या ब्रशने खाली बसवायचं, कडा मऊ करायच्या, पुढे जायचं. हा डोंगर त्या यादीत बसत नव्हता. तो मोजमापातला गोंधळ नव्हता, मोजणी अगदी बरोबर होती. आणि तरी खिडकीतून बघितलं तर तिथे धावपट्टी.

"काढ" म्हणून सांगणं दोन अक्षरांचं काम होतं. मला ते दोन दिवस जमलं नाही.

मी हे धडे लिहायला लागले ते चिडून. टेरेनवरचं जे काही इंटरनेटवर सापडतं त्यात एक ठरलेला डोंगर असतो. टोकदार शिखर, त्यावर बर्फ, खाली देवदार, मधे निळं तळं. सुरुवात नॉइजपासून होते, म्हणजे सूत्राने काढलेल्या सलग चढउतारांपासून. केन पर्लिनने 1983 मध्ये हे तंत्र शोधलं, पुढे 1997 मध्ये त्याला त्यासाठी ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कारही मिळाला, आणि खरोखरच चमत्कार आहे तो: एका सूत्रातून हवी तेवढी उंचसखल जमीन. पण नुसत्या नॉइजच्या जमिनीवर पाणी सोडून बघा. ते कुठेच जात नाही. जागोजागी बंद खड्डे, त्यांना तोंडच नाही, दरी सुरू होते आणि मधेच उठून टेकडी होते. म्हणून मग इरोजन चालवायचं, म्हणजे पाण्याने जमीन झिजण्याची नक्कल. हजारो थेंब वरून सोडायचे, प्रत्येक थेंब उताराकडे धावतो, जाताना माती उचलतो, उतार कमी झाला की टाकतो. 1989 पासून ही कल्पना कागदावर आहे आणि आज घरच्या लॅपटॉपवर काही मिनिटांत चालते. स्क्रीनवर ते बघणं हे माझं व्यसन आहे. काही नसलेल्या उतारावर हळूहळू घळी उमटतात, घळी एकमेकींना मिळतात, पायथ्याला गाळाचे पंखे पसरतात.

एवढं होऊनही जे तयार होतं ते आल्प्सचंच भावंड. कारण कातळ सगळीकडे एकसारखा धरलेला असतो. खारघरच्या आमच्या गच्चीवरून पाऊस उघडल्यावर पूर्वेला माथेरान-प्रबळची रांग दिसते, आणि तिच्यात टोक म्हणून जवळपास नाहीच. सपाट माथा, त्याखाली काळा कडा, कड्याखाली हिरवा उतार, परत कडा, परत उतार. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला. जो थर घट्ट जमला तो आज कडा आहे, जो सच्छिद्र, ठिसूळ होता तो झिजून तिरपा झाला आणि त्यावर माती धरली, झाडं उगवली. हिमनदी इकडे कधी फिरकली नाही. जे कोरलं ते चार महिन्यांच्या पावसाने.

यातून एक मजेशीर भांडण झालं होतं. हाइटमॅप म्हणजे उंचीचं काळंपांढरं चित्र, पांढरं तितकं उंच. ते आठ बिटांत साठवलं तर करड्या रंगाच्या फक्त 256 छटा मिळतात. कळसूबाई 1646 मीटर. ती 256 पायऱ्यांत वाटली की प्रत्येक पायरी जवळपास साडेसहा मीटरची, म्हणजे दोन मजले. डोंगर गच्चीगच्चीचा दिसतो. सोळा बिटांत छटा 65,536 होतात आणि तीच पायरी अडीच सेंटिमीटरवर येते, डोळ्याला कळतही नाही. तर मी "पायऱ्या दिसल्या की फाइल तपासा" असं लिहिलं आणि दोनच परिच्छेदांनंतर "आपल्या डोंगराला पायऱ्या द्या" असं लिहिलं. गटात हलकल्लोळ. नक्की कुठल्या पायऱ्या ठेवायच्या? प्रश्न रास्त होता आणि उत्तर लिहिताना मला मजा आली. खोटी पायरी सगळीकडे सारख्या उंचीची असते आणि डोंगराभोवती बिनबोभाट गोल फिरते. खरी पायरी अशी शहाणी नसते. एका सोंडेवर तिचा कडा चाळीस मीटरचा, बाजूच्या सोंडेवर दहा मीटरचा. घळीने ती फोडलेली असते. कड्याच्या पायाशी वरून पडलेल्या धोंड्यांचा आणि मुरमाचा घसारा साचलेला असतो, तोही साधारण पस्तीस अंशांच्या उतारावर, कारण सुटा दगड त्याहून उभा राहतच नाही. पायरीच्या खाली घसारा नसेल तर समजायचं की ती पायरी फायलीतून आलीय.

आमच्या गटातला एक जुना मित्र, हाताने झकास लेव्हल बांधणारा, मला म्हणतो की तू धडा लिहीत नाहीस, निबंध लिहितेस. पोरांना ब्रशचा आकार किती, जोर किती, फॉलऑफ, म्हणजे कडेकडे तो जोर कसा ओसरतो, किती हे सांग, बाकी ती बघून घेतील. आकडे मी देतेच. अनरियल या इंजिनात जमिनीची बाजू 1009 किंवा 2017 बिंदूंची अशाच मापांत घ्या, युनिटी या दुसऱ्या इंजिनात 513 किंवा 1025, अनरियलमध्ये उंचीचा स्केल शंभरावर ठेवला तर वर-खाली मिळून 512 मीटर मिळतात, हे सगळं नीट कोष्टकात लिहिलेलं आहे. पण नुसत्या आकड्यांवरून बनलेले नकाशे मी एवढे बघितलेत की आता न उघडता सांगू शकते: डावीकडे मोठं शिखर, उजवीकडे लहान, मधून एस अक्षरासारखी नदी. धडा लिहिणाऱ्याच्या उदाहरणातलं शिखर होतं, ते सगळ्यांच्या गावात जाऊन बसलं. आकडा सांगितला की हात चालतो, पण दुसऱ्या जागी गेल्यावर तोच आकडा काय करायचा ते कळत नाही. कारण सांगितलं तर निदान माणूस स्वतःचा आकडा काढतो. मित्राला हे पटलेलं नाही. त्याचंही बरोबर आहे थोडं, माझे धडे अर्ध्यावर सोडणारे बरेच आहेत.

लेव्हल म्हणजे नुसतं दृश्यही नाही, तिथे कोणीतरी पळणार असतं. आणि गेममधल्या माणसाला गुडघे नसतात. बहुतेक इंजिनं त्याला पंचेचाळीस अंशांच्या आसपासचा उतार चढू देतात. अनरियलमध्ये पावणेपंचेचाळीस, युनिटीत पंचेचाळीस, क्वेकच्या घराण्यातल्या जुन्या इंजिनांत साडेपंचेचाळीस. पस्तीस अंशांच्या गवताळ उतारावर मी प्रत्यक्षात ढुंगणावर बसून उतरते. गेममधला माणूस तिथे सेकंदाला सहा मीटरने धावतो, दोन किलोमीटरचा नकाशा साडेपाच मिनिटांत पार. त्यामुळे खरा डोंगर जसाच्या तसा आणला की तो खेळताना डोंगर राहत नाही, फक्त लांबलचक हिरवा रस्ता होतो. वर तीस मीटरला एक आकडा, म्हणजे दोन किलोमीटरमध्ये जेमतेम सदुसष्ट. मधलं सगळं इंजिनने अंदाजाने भरलेलं. कडे वितळतात, घळी बुजतात. करंजाड्याच्या मुलाच्या स्क्रीनशॉटमधला डोंगर ऐसपैस दिसत होता तो म्हणूनच.

मग डोंगरातून काय उचलायचं? मला वाटतं, वाट. सह्याद्रीत चढणारा माणूस सरळ वर जातच नाही. सोंडेवरून धार धरायची, कडा आडवा आला की त्याच्या पायथ्याने आडवं जायचं, नाळ सापडली की तिच्यातून वर शिरायचं, माचीवर दम खायचा. यात लेव्हलचा सगळा आराखडा आहे. धारेवर लांबचं दिसतं, आडव्या वाटेवर एका अंगाला भिंत आणि दुसऱ्या अंगाला दरी, नाळेत काहीच दिसत नाही आणि वरून कोणी धोंडा सोडला तर संपलं. मोकळं, अरुंद, आंधळं, परत मोकळं. पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागलं की कर्नाळ्याचा सुळका दिसतो, मग झाडीत जातो, वळणावर परत दुसऱ्या बाजूने डोकावतो. आपण किती आलो ते पाटी न वाचता कळतं. लेव्हल बांधणारे लोक यासाठी पगार घेतात.

माझं लहानपण कळव्यात गेलं, पारसिकच्या डोंगराच्या सावलीत. फास्ट लोकल बोगद्यात शिरली की डब्यातली पोरं ओरडायची, खिडकीतून ओलसर, गंजका वास यायचा आणि सव्वा-दीड मिनिट काहीच नाही. 1916 सालचा बोगदा, सुमारे 1.3 किलोमीटरचा. टेरेन शिकताना पहिल्यांदा अडले ती इथेच, कारण हाइटमॅपमध्ये बोगदा होत नाही. प्रत्येक बिंदूला एकच उंची. जमीन म्हणजे अंथरलेली चादर: खालून बोट खुपसलं की वर येते, पण स्वतःच्या खाली दुमडत नाही. गुहा नाही, नेढं नाही, पुढे झुकलेला कडा नाही. बोगदा हवा असेल तर चादरीला भोक पाडायचं आणि आतली भिंत वेगळी मॉडेल करून बसवायची, आणि जिथे भोकाची कड भिंतीला टेकते ती चिरफाड झुडपांनी आणि दगडांनी झाकायची. खऱ्या बोगद्याच्या तोंडाशीही झुडपंच असतात, त्यामुळे कोणाला संशय येत नाही.

त्याच डोंगराची दुसरी बाजू मी नंतर, ठाण्याहून नेरुळला जाणाऱ्या गाडीतून रोज बघितली. तुर्भ्यापासून बेलापूरपर्यंत पायथ्याला दगडखाणी. ताजा फुटलेला कातळ निळसर करडा असतो, जुना काळा-तपकिरी. खाणीचा कडा बघताक्षणी ओळखू येतो तो रंगामुळे आणि सरळपणामुळे. टप्प्याटप्प्याने कापलेला, प्रत्येक टप्प्याला यंत्र उभं राहील एवढी सपाटी, वरून खाली भोकं पाडल्याच्या उभ्या रेघा, तळाला पावसाचं हिरवट पाणी आणि त्यात बुडालेला कोणाचा तरी टायर. कड्याच्या माथ्यावर मूळचं गवत जसंच्या तसं डुलत असतं. पावसाने कोरलेल्या डोंगरात पाणी बाहेर पडायला वाट असते. खाणीत ते अडकून राहतं, अगदी त्या नॉइजच्या खड्ड्यांसारखं.

हे सगळं डोक्यात फिरत होतं तेव्हा लक्षात आलं की टेरेनच्या धड्यांत, माझ्याही आणि इतरांच्याही, लाव्हा असतो, पाऊस असतो, वारा असतो. सुरुंग नसतो. आणि आम्ही राहतो ती जमीन निम्मी सुरुंगाने आणि डंपरने घडवलेली. त्या मुलाला मी शेवटी लिहिलं ते असं: डोंगर ठेवलास तर तुझा नकाशा 2000 सालचा आहे, मग नदी जुन्या पात्रात ठेव, आजचे रस्ते टाकू नकोस, गावं जागेवर ठेव. काढलास तर दगड गेला कुठे ते दाखव. डोंगर उतरवला की दुसरीकडे जमीन वर येते, नदी वळवली की तिचे काठ सरळ रेषेत येतात. आणि खेळाचाही विचार कर. पळापळीचा खेळ आहे तुझा, मधला डोंगर गेला तर या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं उघडं. लपायचं कुठे?

त्याने तिसरंच केलं. अर्धा कापलेला डोंगर बनवला. तो शाळेत असताना जसा होता तसा, म्हणाला, दणका झाला की वर्गातल्या खिडक्या वाजायच्या. पश्चिमेचं अंग झाडीसकट शाबूत, पूर्वेकडून टप्पे, आणि टप्प्यांना जोडणारे डंपरचे रस्ते. उभे टप्पे त्याने हाइटमॅपमध्ये केलेच नाहीत, वेगळ्या भिंती मॉडेल करून टेकवल्या, कारण हाइटमॅपमध्ये उभा कडा ओढला की त्यावरचं टेक्स्चर, म्हणजे वर चिकटवलेलं दगडामातीचं चित्र, ताणून रबरासारखं होतं. रस्त्यांचा चढ मात्र त्याने पहिल्यांदा वीस अंशांचा दिला होता. भरलेला डंपर चढायचा तर दहाला एकच्या आसपासच चढ ठेवावा लागतो, म्हणजे सहा अंशांच्याही आत. तो तसा केल्यावर रस्ता लांबला, त्याला वळणं घ्यावी लागली, आणि वळणांमुळे खेळ एकदम जमून आला. झाडीच्या अंगाने चढणाऱ्याला कोणी बघू शकत नाही पण वेळ लागतो, टप्प्यांवरून जाणारा झपाझप जातो पण सगळीकडून दिसतो. आम्ही चौघांनी खेळून बघितलं. मी दोन्हीकडून पकडली गेले.

आता खाणीचा आणि कापलेल्या डोंगराचा धडा पूर्ण होत आलाय आणि मी पुढच्या, भरावाच्या धड्यात अडकलेय. सपाट जमीन शिकवायला एवढी अवघड असेल असं वाटलं नव्हतं. नव्या मुंबईचे कितीतरी भाग उधाणाच्या भरतीच्या पातळीखाली आहेत. पावसाचं पाणी आधी धारण तलावात साठतं, भरतीला झडपा बंद, ओहोटीला उघड्या. इथल्या उधाणात भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो, म्हणजे 512 मीटरच्या स्केलमध्ये शंभरात एक भागसुद्धा नाही. त्या एवढ्याशा उंचीत चिखल, खारफुटी, बांध, तलाव, सेक्टर आणि रेल्वेचा भराव असं सगळं बसवायचंय, आणि खेळणाऱ्याला ते चालताना जाणवायला हवं. स्क्रीनवर ते निव्वळ राखाडी फळकूट दिसतं. मित्राला कच्चा मसुदा पाठवला. त्याने वाचलाय का माहीत नाही, पण विचारून ठेवलंय, सपाट जमिनीवर इतकी पानं लागतात का. लागतात. ब्रशचा आकडा अजून एकही आलेला नाही.